कशासाठी धावता, बाई?

गेली दोन वर्षे मला जवळजवळ रोज सकाळी एकच प्रश्न विचारला जातो. विचारणारी माणसे बदलतात. कधी दुधाच्या कॅन लटकावून निघालेला सायकलवाला असतो, कधी धुऱ्यावर उकिडवा बसलेला शेतकरी, कधी गोंदियाची गाडी धरायला अर्जुनीच्या स्टेशनाकडे लगबगीने निघालेले एखादे कुटुंब. प्रश्न मात्र तोच: "काहून धावता जी बाई?"

इटियाडोह धरणाच्या कालव्याची पाळ आमच्या गावाला लागून जाते. त्या पाळीवरून मी धावते. वय सत्तेचाळीस, व्यवसाय शिक्षिकेचा, आणि वेग असा की शेळ्या घेऊन निघालेले पोर मला सहज मागे टाकते. असे असता लोकांना प्रश्न पडला तर त्यात त्यांचे काय चुकले? सुरुवातीला मी हसून पुढे जात असे. मग उत्तर देऊ लागले, "बरे वाटते म्हणून." हे उत्तर कोणालाही पटले नाही. काहींना ते उडवाउडवीचे वाटले, काहींना थोडे निलाजरेही वाटले असावे. शेवटी एका सकाळी कंटाळून मी म्हटले, "डॉक्टरांनी सांगितले आहे. शुगर आहे."

काय सांगू, त्या दिवसापासून गावाचा सूरच बदलला! "मग धावाच बाई, औषधच ते," असे लोक म्हणू लागले. शेजारणींनी कारल्याचा रस सुचविला, मेथीचे दाणे पाठविले. सासूबाईंनीही कपाळावरची आठी काढली. माझे धावणे एका रात्रीत प्रतिष्ठित झाले.

मला मधुमेह नाही. त्या खोट्याची लाज वाटते, म्हणून हा लेख लिहायला बसले आहे.

माझे भांडण त्या सायकलवाल्याशी नाही. ते एका समजुतीशी आहे. मोठ्या माणसाने, आणि त्यातही बाईने, आजार, नोकरी किंवा पदक यांपैकी एखादा तरी दाखला हातात असल्याशिवाय धावू नये, अशी ती समजूत आहे. ती इतकी जुनी आहे की आपल्या भाषेतच मुरली आहे. पळपुटा, पळवाट, पळ काढणे, पळून जाणे! यातला शेवटचा शब्द मुलीच्या बाबतीत उच्चारला की घरातली भांडी आपटू लागतात. 'धावणे' हा शब्द जरा बऱ्या घराण्यातला. पण तोही कामाशिवाय घराबाहेर पडत नाही. संकटात माणसे धावून येतात, देवाचा धावा करतात, आणि दिवसभराच्या दगदगीला आपण धावपळ म्हणतो. नुसते मौजेने धावण्याला आपल्याकडे शब्द नाही. वेळापूरला पंढरीच्या ओढीने वारकरी धावतात, त्यात सत्तरीची माणसे असतात आणि त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. पण त्यांच्यापाशी विठ्ठलाचा दाखला आहे, त्यांना कोण विचारणार?

आमच्या झाडीपट्टीत शंकरपट भरतो. बैलांच्या शर्यतींवरचा न्यायालयातला वाद वर्षानुवर्षे चालला आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यतींना मान्यता दिली, तेव्हा मलाही बरे वाटले. दाणीवर जोडी सुटते आणि हजारो माणसे श्वास रोखून धरतात. बैल कशासाठी धावतो, असे तेथे कोणी विचारीत नाही. बैलाला जे मिळते ते मला मिळावे, एवढीच माझी मागणी आहे.

आता मी धावू कशी लागले ते सांगते. कारण खरे दुखणे तेथे आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी पोलीस भरतीची तयारी करीत होती. शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. आमच्या जिल्ह्यात पहाटे कोणत्याही रस्त्याने जा, अंधारात धावणारी पोरे-पोरी दिसतात. मैदान नसते, म्हणून ती डांबरी सडकेवर धावतात. कोणी वनरक्षकाच्या भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी. या मुलीची आई एके दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुमी सोबत असल्या तं मले घोर नाही." म्हणून मी जाऊ लागले. तिचा स्वेटर मांडीवर आणि मोबाइलमधले घड्याळ हातात घेऊन मी पुलाच्या कठड्यावर बसत असे. ती धावे, मी सेकंद मोजी.

पौषातली एक सकाळ होती. थंडीने बोटे वाकेनात. ऊब यावी म्हणून मी उठले आणि पुढच्या विजेच्या खांबापर्यंत धावले. खांब गाठला तेव्हा लोहाराचा भाता छातीत बसविल्यासारखे झाले होते. ती पोर हसून हसून खाली बसली. म्हणाली, "बाई, तुम्ही धावत नाही, वाघ मागे लागल्यावानी पळता. बोलता आलं पाहिजे, इतकंच हळू धावा." मी तिला पाढे शिकविले होते, तिने मला धावायला शिकविले. एक खांब धावायचे, दोन खांब चालायचे. आठ दिवसांनी दोन धावायचे, दोन चालायचे. घाई नाही. महिन्याभरात दम पुरू लागला तेव्हा मी चेकाळून एकदम दुप्पट धावले आणि नडगीच्या दुखण्याने आठवडाभर लंगडत शाळेत गेले. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, हाडे आणि स्नायूंना बांधणाऱ्या शिरा सावकाश तयार होतात. त्यांच्या चालीने चालावे लागते, हे मला तेव्हा कळले. नव्याने धावणाऱ्याला यापलीकडे फारसे शास्त्र लागत नाही.

आणि मग एका सकाळी खांब मोजायचे राहून गेले. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, त्यांत उतेऱ्याची लाखोळी हिरवी झालेली, तिची निळी फुले, वर धुक्याचा पातळ थर. कालव्यातले पाणी माझ्याच दिशेने वाहत होते. श्वास पावलांशी जुळला होता. मी थांबले तेव्हा पूल केव्हाच मागे पडला होता आणि मला रडू येत होते की हसू, हे कळत नव्हते. जाणकार याची कारणे सांगतात. पूर्वी ते एंडॉर्फिनचे नाव घेत. हल्ली शरीरातच तयार होणाऱ्या आणि भांगेतल्या द्रव्याशी नाते सांगणाऱ्या रसायनांचे घेतात. म्हणजे "बाईंना काही नशा झाली का?" असे सासूबाई विचारीत होत्या, त्या अगदीच चुकत नव्हत्या.

पुढे भरतीची यादी लागली. त्या मुलीचे नाव तीत नव्हते. काही सेकंदांनी ती मागे राहिली होती. चार दिवस जाऊ दिले आणि पहाटे मी तिच्या दारात उभी राहिले. तिने दार उघडले, माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाली, "आता कशाला धावू, बाई?"

मला सायकलवाल्याच्या प्रश्नाचा राग कधी आला नव्हता. या प्रश्नाचा आला. तिचा नाही, आमचा सगळ्यांचा. वर्षभर ही मुलगी काळोखात उठली, वाऱ्यासारखी धावली, माझ्यासारख्या जडशीळ बाईला तिने धावण्याची गोडी लावली. आणि त्या धावण्यातले तिचे स्वतःचे असे काही आहे, हे तिला कोणीही सांगितले नव्हते. मीसुद्धा नाही. मी सेकंद मोजीत बसले होते. वैशाखात तिचे लग्न झाले. आता ती वडशापलीकडे एका गावात असते.

ज्या आठशे मीटरांनी तिला नापास केले, त्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच ८०० मीटर धावल्या. जर्मनीची लीना राड्के पहिली आली, जपानची हितोमी किनुए दुसरी. शर्यत संपल्यावर काही जणी धापा टाकीत गवतावर पडल्या. एवढ्यावरून वर्तमानपत्रांनी हाकाटी केली की बायका कोसळल्या, हे त्यांच्या शरीराला झेपत नाही. अंतिम शर्यतीतल्या नऊही जणींनी अंतर पुरे केले होते, हे कोणी ध्यानात घेतले नाही. त्यानंतर १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना ही शर्यत नव्हती. ज्या अंतराने बायका मरतील असे बत्तीस वर्षे सांगितले, तेच आता त्या धावल्या नाहीत तर नोकरी नाही! दोन्ही वेळा ठरविणारे दुसरेच. धावणारीला काय वाटते, हे ना तेव्हा कोणी विचारले, ना आज.

आपल्याकडे धावणाऱ्यांच्या कथा कशा सांगतात, तेही पाहा. साताऱ्याकडची ललिता बाबर २०१६ साली रिओत ३००० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धावली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. शाळेत या गोष्टी सांगताना आम्ही गरिबीपासून सुरुवात करतो आणि पदकापाशी किंवा नोकरीपाशी थांबतो. मधल्या हजारो सकाळी गाळून टाकतो. बारामतीच्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या, नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून, आणि २०१४ साली शर्यत जिंकल्या. ते ऐकून महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही. पण मी स्वतःला विचारले, तीच बाई तशीच नऊवारीत, केवळ हुक्की आली म्हणून धावली असती तर? आपण हसलो असतो.

मला यांच्यापेक्षा बेळगावचा फडेप्पा चौगुले जवळचा वाटतो. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन धावला आणि १९ वा आला. एकोणिसावा! त्याचे नाव किती घरांत माहीत असेल? माझ्या वर्गातली एकोणिसाव्या क्रमांकाची मुले मला रोज दिसतात, म्हणून कदाचित मला त्याचे प्रेम असेल.

शहरांतले वाचक म्हणतील, बाई, तुम्ही कोणत्या काळात आहात? आमच्याकडे आता सगळे धावतात. खरे आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता बहुतेक शहरांना आपापली आहे. त्याचा मला आनंदच आहे. पण तेथे भाग घेतलेल्या माझ्या भाच्याने मला पहिल्याने पदक दाखविले, मग छापील बनियन, मग मनगटावरचे घड्याळ, जे किती पावले झाली ते सांगते. वाटेत काय दिसले, असे मी विचारले तर तो गोंधळला. आमच्याकडे दाखला डॉक्टरचा लागतो, त्यांच्याकडे घड्याळाचा.

एक आक्षेप मात्र मला बोचतो. धावणे हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, ज्यांचे अंग कामाने मोडते त्यांना हे सुचत नाही, असे म्हणतात. हे अर्धे खरे आहे. आमच्या बांधीत रोवणीला येणारी एक बाई आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. आषाढ-श्रावणात ती दिवसच्या दिवस गुडघाभर चिखलात वाकलेली असते. तिने मला पहिल्याने विचारले होते, "याचे पैसे भेटतेत का जी?" नाही म्हटल्यावर तिला माझी दया आली.

पण गेल्या चैत्रात ती पाळीजवळच्या झाडाखाली मोहफुले वेचीत होती. मी जवळून गेले तशी तिने टोपली खाली ठेवली, पदर खोचला, लुगडे एका हाताने वर धरले आणि माझ्याबरोबर धावू लागली. पुढच्या दारापर्यंत आली. शंभर पावले असतील नसतील. मग मटकन खाली बसून लहान पोरीसारखी खिदळत राहिली. "लगनाच्या आंधी धावली होती मी, बाई. त्याच्यावर आजच." कशासाठी, हे तिने विचारले नाही. ढोरे येऊन फुले खातील म्हणून लगेच उठून परतली. त्यानंतर ती पुन्हा धावलेली नाही. मोहफुलांमागून तेंदूपत्ता आला, तेंदूपत्त्यामागून रोवणी. मी धावते हा अन्याय नाही. तिच्या वाट्याला दिवसातली वीस मिनिटेही उरत नाहीत, हा आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी भांडायचेच तर त्या वीस मिनिटांसाठी भांडावे, मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. तिला धावावेसे वाटतच नाही, असे मात्र त्यांनी मला सांगू नये. मी तिला पाहिले आहे.

राहिला वाघ. नवेगावचे जंगल जवळ आहे आणि अंधारात जाऊ नका असे वनखात्याची माणसे सांगतात. हा एकच आक्षेप मी निमूटपणे मानते आणि फटफटल्यावरच निघते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे धान कापणीला आले असेल आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतील. ती मुलगी भाऊबिजेला माहेरी येणार आहे. तिचे बूट अजून माळ्यावर आहेत, असे तिच्या आईनेच मला सांगितले. मंडईच्या दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी असते, म्हणून आदल्या दिवशीच सकाळी मी तिच्या दारी जाणार आहे. ती विचारील, कशाला, बाई? या वेळी मी शुगरचे सांगणार नाही. लाखोळी अजून पेरायची असेल. पण कालव्याला पाणी असेल.