पहिल्या पावलानंतर

मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा सारे घर गोळा होते. आजी हातातले काम टाकून पुढे येते, आई दोन्ही हात पसरते, शेजारीण दारातून डोकावते. दोन पावले टाकून ते बाळ धपकन खाली बसले, तरी कौतुकात उणे पडत नाही. बालपणाच्या आरंभीच्या या टप्प्यांसाठी आपल्या समाजाने समारंभच योजून ठेवले आहेत. नाव ठेवायचे तर बारसे, पहिला घास भरवायचा तर उष्टावण, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण आणि पहिले अक्षर गिरवायचे तर पाटीपूजन. परंतु मूल एकदा शाळेत जाऊ लागले की हे समारंभ संपतात. त्यानंतर मोजले जातात ते केवळ गुण आणि क्रमांक. जणू मुलाचे सारे वाढणे प्रगतिपुस्तकाच्या रकान्यांतच घडत असते!

माझ्या मते ही आपली मोठी चूक आहे. पहिल्या पावलानंतरही मूल रोज काही ना काही पहिल्यांदाच करीत असते. त्याचे हे लहानसे विजय कुणीतरी पाहायला हवेत. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. आयुष्यभर मुलांमध्ये वावरूनही ही चूक माझ्या हातून घडली आहे आणि ती माझ्या ध्यानात आली, ती एका लहानशा सहलीत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे तीन दिवसांसाठी माथेरानला गेलो होतो. मी, माझी पत्नी, मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. माथेरान हे रायगड जिल्ह्यातील, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून आले आणि पुढे येथे वस्ती वाढली. या गावाचे वैशिष्ट्य असे की, येथे येणाऱ्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात. तेथून पुढे दाट झाडीतून, तांबड्या मातीच्या वाटेने पायी जावे, घोड्यावर बसावे किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून छोट्या आगगाडीने जावे.

आम्ही अमन लॉजला पोहोचलो, तेव्हा गाडी सुटण्याच्या बेतात होती. सगळे घाईने डब्याकडे निघाले आणि नेमकी त्याच वेळी नातवाच्या बुटाची नाडी सुटली. तो तेथेच खाली बसला आणि नाडी बांधू लागला. गेले पंधरा दिवस तो नाडी बांधायला शिकत होता. एक फास धरला की दुसरा निसटे, दुसरा धरला की पहिला. मी दोन क्षण थांबलो. मग मला राहवेना. "अरे, गाडी सुटेल!" असे म्हणत मी वाकलो, झटक्यात गाठ मारली आणि त्याला उचलून डब्यात बसवले.

गाडी मिळाली. सारे जण खिडकीबाहेर पाहू लागले. झाडांवरची माकडे पाहून नातीने टाळ्या वाजवल्या. नातू मात्र काही बोलला नाही. त्याने खाली वाकून मी बांधलेली नाडी सोडली आणि माथेरान येईपर्यंत ती तशीच लोंबत ठेवली.

माथेरानच्या स्थानकावर उतरल्यावर तो कडेला मातीत बसला. बाकीची मंडळी सामान घेऊन पुढे गेली. या वेळी मी काही बोललो नाही. शेजारी उभा राहिलो. त्याच्या वडिलांनी लांबून हे पाहिले आणि चित्रण करण्यासाठी मोबाईल उंचावला. तसा नातू त्यांच्याकडे पाठ करून बसला. एकदा गाठ फसली, दोनदा फसली. सहा वेळा ती सुटली आणि सातव्या वेळी कशीबशी बसली. फास सैल होता, एक टोक लांब आणि एक आखूड होते. तो उठला, गाठ टिकते की नाही हे पाहण्यासाठी त्याने दोनदा पाय आपटला आणि शांतपणे म्हणाला, "आजोबा, आता चला."

मुलांनो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली. मी त्याची गाडी चुकू दिली नव्हती, हे खरे. परंतु त्याच्या हातातली गोष्ट मी काढून घेतली होती. आम्ही मोठी माणसे हे रोज करतो. मूल दप्तर भरू लागले की आम्ही ते भरून देतो. त्याने पाणी ओतायला घेतले की "सांडशील" म्हणतो. दुकानदार त्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर आम्ही देतो. यात माया नसते असे नव्हे, पण मायेपेक्षा घाईच अधिक असते. आणि घाईने केलेली मदत ही पुष्कळदा मदत नसते.

दुसऱ्या दिवशी मी मनाशी ठरवले की, आज आपण मागे चालायचे. शार्लोट तलावाकडे जायचे होते. माथेरानला पिण्याचे पाणी देणारा हा तलाव. त्याच्या काठी पिसरनाथाचे देऊळ आहे. नातीला म्हटले, "आज वाट तू दाखव." ती आनंदाने पुढे झाली. एका फाट्यावर ती चुकली. आपण चुकीच्या वाटेने चाललो आहोत, हे मला कळत होते. शब्द अगदी ओठांवर आले होते, पण मी ते गिळले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर ती थबकली. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही झाडांकडे पाहू लागलो! तेव्हा समोरून येणाऱ्या एका घोडेवाल्याजवळ जाऊन तिने विचारले, "काका, तलावाची वाट कोणती हो?" घरी पाहुणे आले तरी आत पळून जाणारी ही मुलगी! अनोळखी माणसाला तिने आपणहून प्रश्न विचारला, तो त्या दिवशी पहिल्यांदाच. तलाव गाठायला आम्हाला अर्धा तास उशीर झाला. परंतु त्या अर्ध्या तासाइतका चांगला खर्च झालेला वेळ त्या सहलीत दुसरा नव्हता.

तिसरा विजय मोठा गमतीदार होता. माथेरानची चिक्की प्रसिद्ध आहे. संध्याकाळी बाजारात नातवाने चिक्कीचा मोठा तुकडा दाताखाली धरला आणि एकदम ओरडला. चिक्कीबरोबर त्याचा दुधाचा पहिला दात निघून आला होता! क्षणभर त्याचा चेहरा रडवेला झाला. मग ताईने सांगितले, "आता तू मोठा झालास." लगेच रडे पळाले. पडलेला दात कुणी कौलांवर टाकतात, कुणी तुळशीच्या मुळाशी पुरतात. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणात तुळस होती. तेथे त्याने स्वतःच्या हाताने खड्डा केला आणि दात पुरला. घरमालकीणबाईंनीही या सोहळ्याला हजेरी लावली.

त्या रात्री अंगणात बसून आम्ही गप्पा मारीत होतो. दिवसभराच्या या 'पहिल्यांदा' घडलेल्या गोष्टींवरून माझ्या मुलाला एक जुनी आठवण झाली. तो हसत हसत सांगू लागला, "बाबा, आठवते का? मी सायकल शिकलो त्या दिवशी धावत तुमच्याकडे आलो होतो. गुडघे फुटले होते. तुम्ही परीक्षेचे पेपर तपासत होता. मी म्हटले, 'बाबा, मला सायकल आली!' तुम्ही मान वर न करता विचारलेत, 'गणिताचा अभ्यास झाला का?'"

सगळे हसले. मला हसू आले नाही. मला तो प्रसंग आठवतच नव्हता. आणि त्याला मात्र इतक्या वर्षांनंतर त्यातला शब्द न् शब्द आठवत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेकडो मुलांना मी माझ्या हाताने बक्षिसे दिली. माझ्या स्वतःच्या मुलाच्या त्या विजयाला मात्र मी एक नजरसुद्धा दिली नव्हती.

येथे कुणी विचारील की, अशा प्रत्येक लहानसहान गोष्टीचे कौतुक करू लागलो तर मुले लाडावणार नाहीत काय? प्रश्न योग्य आहे. परंतु कौतुकाचा वर्षाव करणे वेगळे आणि दखल घेणे वेगळे. नाडी बांधली म्हणून पेढे वाटण्याचे कारण नाही. माझ्या नातवाला टाळ्या नको होत्या, छायाचित्रही नको होते. त्याला हवा होता थोडा अवकाश आणि शेजारी शांतपणे उभे राहणारे माणूस. खरे पाहता खोटी वाहवा मुलांना लगेच ओळखू येते. "वा, छान!" असे मान वर न करता म्हणणे आणि "गणित झाले का?" असे विचारणे, यांत फारसा फरक नाही.

दुसरी एक शंका अशी की, यासाठी सहलीलाच जायला हवे काय? मुळीच नाही. सहलीत एक गोष्ट घडते: रोजची घाई थांबते आणि घरातली माणसे एकमेकांना दिसू लागतात. तेवढे घडले की पुरे. ते मामाच्या गावी घडेल, शेताच्या बांधावर घडेल, चाळीच्या गॅलरीतही घडेल. आठवड्याच्या बाजारात आईशेजारी बसून पहिल्यांदा स्वतः भाजी तोलणारा आणि सुटे पैसे बरोबर परत करणारा मुलगा. विहिरीतून पहिली भरलेली घागर न सांडता घरी आणणारी मुलगी. तान्ह्या भावाला पहिल्यांदा एकटीने झोपवणारी बहीण. यांचे विजय माथेरानात घडलेल्या विजयांहून तसूभरही कमी नाहीत. त्यांची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही, म्हणून तर ती घरच्यांनी करायची.

आणि लहान पावलांनीच माणसे मोठी होतात. हुतात्मा भाई कोतवाल यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारणारे आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देह ठेवणारे हे वीर १९१२ साली माथेरानातच जन्मले. परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी ही हकिकत सांगितली, तेव्हा नातू आपल्या बुटांकडे पाहत म्हणाला, "म्हणजे ते लहानपणी याच मातीत चालायला शिकले?" मी म्हणालो, "होय, याच तांबड्या मातीत." इतिहासाने त्यांच्या शेवटच्या पावलाची नोंद ठेवली, पहिल्या पावलाची नोंद त्यांच्या आईनेच मनात ठेवली असेल.

नेरळहून माथेरानला येणारी आगगाडीही मला याच संदर्भात आठवते. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेला हा लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. सुमारे वीस किलोमीटरचा हा मार्ग डोंगराला सरळ भिडत नाही. तो वळणे घेत घेत चढतो. एखाद्या वळणावर पाहणाऱ्याला वाटावे की, गाडी शिखरापासून दूरच चालली आहे. पण ते वळण घेतल्यावाचून वर जाता येत नाही. २००५ च्या जुलै महिन्यातील अतिवृष्टीने हा मार्ग ठिकठिकाणी उखडून टाकला होता. दुरुस्तीनंतर २००७ साली गाडी पुन्हा धावू लागली. मुलांचे वाढणे असेच असते. शेजारच्या मुलाला पाचव्या वर्षी जे जमले, ते आपल्याला सातव्या वर्षी जमेल. कधी जमलेली गोष्टही पुन्हा बिघडेल. म्हणून कुणी मागे पडला असे समजू नये. तो कदाचित वळणावर असेल.

आता शेवटी तुमच्याविषयी. तुम्ही आता अकरा-बारा वर्षांचे झालात. म्हणजे केवळ कौतुक करून घेण्याचे तुमचे वय राहिले नाही. दुसऱ्याचे लहान विजय पाहण्याचे वयही सुरू झाले आहे. धाकटा भाऊ बटण लावीत असेल तर त्याचा हात बाजूला सारू नका. वर्गातला अबोल मुलगा पहिल्यांदा उभा राहून चार ओळी वाचील, तेव्हा तो अडखळला म्हणून हसू नका. आणि मोठ्यांकडेही पाहा. निघण्याच्या दिवशी सकाळी माझ्या नातीने कुणी न सांगता आईला खुर्चीवर बसवले आणि स्वतः केलेला चहा तिच्या हाती दिला. चहा अंमळ गोड झाला होता. सूनबाई तो पीत असताना काही बोलली नाही. पण तो कप तिने फार सावकाश रिकामा केला.

मी जुन्या सवयीने रोज दैनंदिनी लिहितो. सहलीवरून परतल्यावर त्या तीन दिवसांच्या पानांवर मी मुलांचे विजय लिहिले: नाडी बांधली, वाट विचारली, दात पडला, चहा केला. मग थोडा विचार करून त्यांच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. ती माझ्याविषयी होती : 'थांबायला शिकलो.'