अंगणातील द्राक्षवेल आणि आपला उतावळेपणा

हितकर आहारद्रव्यांची गणना करताना चरकाचार्यांनी फळांमध्ये मृद्वीकेस अग्रस्थान दिले आहे. द्राक्षासव व द्राक्षारिष्ट तर आपण नित्य योजतो. साहजिकच, आपल्या अंगणात एखादी द्राक्षवेल असावी अशी हौस अनेक वैद्यबंधूंना वाटते. ती आम्हांसही वाटली. या हौसेपायी नवख्यांकडून होणाऱ्या बहुतेक चुका आमच्या हातून घडल्या. त्या येथे प्रांजळपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिली चूक जागेची व रोपाची. शोभेचा मांडव म्हणून वेल भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत लावली जाते. वस्तुतः द्राक्षवेलीस दिवसाचे बहुतेक तास ऊन हवे आणि मुळाशी पाणी साचता कामा नये. बाजारच्या फळातील बी पेरून उगवलेली वेल मातृवेलीचे गुण घेऊन येत नाही. म्हणून खात्रीच्या रोपवाटिकेतील कलमी रोपच आणावे.

दुसरी व सर्वांत मोठी चूक म्हणजे वेलीस कात्री लावण्यास मन न धजणे. थंड प्रदेशात हिवाळ्यात वेल पाने गाळून विसावते व वर्षातून एकदाच छाटली जाते. महाराष्ट्रात तिला असा विसावा नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. खरड छाटणीनंतर साधारणतः ४० ते ६० दिवसांच्या काळात नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील घडांची घडण सुरू होते. त्या वेळी नत्रखताचा व पाण्याचा मारा केला, बगलफुटी तशाच राखल्या, तर पाने माजतात आणि घड हुकतात. बृंहण कोठे करावे व लंघन कोठे, हा विवेक येथेही सुटत नाही.

आम्ही तीन वर्षे वेल छाटलीच नाही. मांडव पानांनी गच्च भरला, घड एकही आला नाही. पुढे धीर करून कात्री घेतली, ती ऑक्टोबरात दोन डोळे राखून सर्व काड्या उडविण्यासाठी! थॉमसन सीडलेस जातीत फळ देणारे डोळे बहुधा काडीवर त्याहून पुढे असतात. म्हणजे घड आम्हीच कापून टाकले.

तिसरी चूक रोगांविषयीची. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची सवय केवड्यास आमंत्रण देते. दाटी विरळ करून वारा खेळता ठेवणे हाच पहिला उपाय. तसे न करता काही जण बागायतदारांचे फवारणीचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलतात. औषध फवारल्यावर फळ तोडण्यापूर्वी किती दिवस जावे लागतात, याची विचारपूसही करीत नाहीत, आणि तीच फळे मुलांच्या हातात देतात.

शेवटची चूक उतावळेपणाची. द्राक्ष वेलीवरून तोडल्यावर अधिक गोड होत नाही. केळ्याप्रमाणे ते अढीत पिकत नाही. मणी मऊ झाला, रंग पालटला, तरी चव घेतल्याशिवाय घड तोडू नये. अपक्व द्राक्षा गुणाने अल्प व गुरू असून आंबट असल्यास रक्तपित्त करते, असे भावप्रकाशात स्पष्ट सांगितले आहे. हे पाठ असूनही, अखेर आलेला पहिला घड पाखरांच्या धाकाने आम्ही आठ-दहा दिवस आधीच तोडला व अम्लपित्ताच्या एका रुग्णास 'घरची द्राक्षे' म्हणून कौतुकाने दिला. दुसऱ्या दिवशी ते छातीत जळजळ घेऊन आले. घडाला कापडी पिशवी बांधली असती तर पाखरेही दूर राहिली असती आणि आमची शोभाही झाली नसती.

'घरचे' हा शब्द म्हणजे शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या द्रव्याची परीक्षा बाजारात आपण रस, गंध व स्पर्श यांनी करतो, तीच परीक्षा आपल्या अंगणातील फळाचीही केली पाहिजे. किंबहुना तेथे ममत्व आड येते म्हणून अधिक कसोशीने. वैद्यबंधूंनी द्राक्षवेल अवश्य लावावी, पहिल्या वर्षी फळाची आशा न धरता खोड व ओलांडे सुदृढ करावेत, वेळेवर छाटणी करावी आणि फळ पूर्ण पिकेपर्यंत थांबावे. रुग्णास पथ्य सांगणाऱ्याने एवढा संयम पाळावा, ही नम्र विनंती.