कानाचा हिशेब

ध्वनी म्हणजे कंप, ही व्याख्या आपण शाळेत पाठ करतो. परंतु कान हे केवळ कंप मोजणारे यंत्र नव्हे. तो निवड करणारा रसिक आहे, आणि थोडा आळशीही! अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची एक लवचिक पट्टी असते. उंच स्वराने ती आरंभी अधिक हलते, खर्जाने शेवटच्या टोकाशी. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी बुडापेस्ट येथे मृत माणसांच्या कानांत ही हालचाल सूक्ष्मदर्शकाने पाहिली. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या पट्टीवर मोठा स्वर शेजारच्या बारीक स्वरास झाकून टाकतो. किती मोठा स्वर किती बारीक स्वरास झाकील, याचे गणित मांडता येते, आणि त्याच गणितावर एमपी३ उभे आहे. सीडीला सेकंदास सुमारे १४,११,००० बिट लागतात. एमपी३ १,२८,००० बिटांतही काम भागविते. कानास जे कळणार नाही, ते सरळ टाकून द्यावयाचे!

युक्ती सुंदर खरी. पण ती घडविणारे जर्मन अभियंते कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचे साथीविना गायिलेले एक गीत तपासावयास घेतले, तेव्हा आवाज पार बिघडला. दोष झाकावयास दुसरे वाद्यच नव्हते! पुढे त्याच गीतावर त्यांनी आपली रीत सुधारली.

प्रवासात गाणी ऐकण्यास एमपी३ पुरेसे आहे. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. मात्र घरातील जुन्या कॅसेटींबाबत माझे मत निराळे आहे. आजीच्या ओव्यांनाही वाद्याची साथ नसते. शिवाय टाकलेला अंश परत मिळत नाही. उद्या कोणी त्या ध्वनिमुद्रणातील खरखर काढू लागला, दबलेला शब्द उंचावू लागला, तर आज झाकलेले दोष उघडे पडतील. हिशेब केला होता तो आजच्या ऐकण्यापुरता, आणि तोही सर्वसाधारण कानाचा.

म्हणून अशी कॅसेट प्रथम पूर्ण स्वरूपात, वेव्ह फाइलमध्ये, उतरवून घ्यावी. एका वाहिनीच्या तासाभराच्या मुद्रणास सुमारे ३१८ मेगाबाइट लागतात; ३२ गिगाबाइटच्या बोटभर पेन ड्राइव्हमध्ये असे सुमारे १०० तास मावतात. ऐकण्यासाठी एमपी३ प्रत मागाहून खुशाल काढावी. मूळ कॅसेट मात्र रद्दीवाल्यास देऊ नये.