सशाची शेपटी उचलून बघा

कोल्हापुरात आषाढाची झड लागली की दांडीवरचे कपडे वाळत नाहीत, तसा सशाचा पिंजराही वाळत नाही. ओलं गवत, मूत, लेंड्या आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. म्हणून ज्यांच्या घरी ससा आहे त्यांना कळकळीची विनंती: पावसाळा सरेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ त्याची शेपटी उचलून बघा.

हिरवी-निळी चमकणारी माशी उघड्या जखमेवर किंवा शेपटीखालच्या माखलेल्या केसांत अंडी घालते. तांदळाच्या कणीसारखी, पिवळट, झुबक्यानं चिकटलेली. बहुतेक वेळा एका दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि मांस खात आत शिरतात. ससा ओरडत नाही, दुखणं लपवतो. कोपऱ्यात गप्प बसतो, कोथिंबिरीला तोंड लावत नाही, अंगाला घाण वास येतो. केस बाजूला सारले की दिसतं: वर इवलंसं भोक, आत वळवळ.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून पिणारं आपलं गाव. जनावराच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन ओतायचं, हे गोठ्यात पाहिलेलं असतं. पण दोन किलोच्या सशावर तो प्रयोग करू नका. त्याची कातडी पातळ, ती भाजते. शिवाय अंग चाटताना औषध पोटात जातं. रॉकेल, फिनेल, डांबरगोळीही नको. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल तर सशाचा जीव घेऊ शकतं.

किडे दिसले तर उद्यावर ढकलू नका. वर दिसतील तेवढे चिमट्यानं अलगद काढा, मऊ कापडात गुंडाळा आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. केस कापणं, खोलवरच्या अळ्या काढणं, वेदना थांबवणं, सलाईन देणं ही त्यांची कामं.

ही वेळ टाळता येते. पाव-बिस्किटं बंद करा, सुकं गवत भरपूर द्या, म्हणजे शी पातळ होणार नाही. पिंजऱ्यातलं ओलं गवत रोज काढा, बारीक जाळी लावा. लठ्ठ किंवा म्हाताऱ्या सशाला मागं वळून स्वतःला चाटता येत नाही; त्याची ती जागा तुम्ही पुसा आणि कोरडी करा. सबंध अंघोळ मात्र घालू नका.

दोन मिनिटांचं काम आहे. ज्या पोरांच्या हट्टापायी ससा घरात आला, त्यांनाही जवळ बसवून शिकवा.