मालकी बदलते, तेव्हा कर्मचाऱ्याला काय मिळते?

सार्वजनिक उपक्रमाची विक्री झाली की चर्चा होते ती किमतीची. एअर इंडियाच्या बाबतीतही तसेच घडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८ हजार कोटी रुपयांची बोली केंद्र सरकारने स्वीकारली. त्यात १५,३०० कोटी कर्जाच्या जबाबदारीचे होते आणि २,७०० कोटी रोख. २७ जानेवारी २०२२ रोजी हस्तांतर पूर्ण झाले. दररोज सुमारे २० कोटींचा तोटा करदात्याने किती काळ सोसावा, हा प्रश्न रास्त होता आणि विक्रीचा निर्णय मला योग्यच वाटतो. परंतु त्या कंपनीत १२,०८५ कर्मचारीही होते. त्यांच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब फारसा मांडला गेला नाही.

विक्रीच्या अटींत एक वर्ष कोणालाही कामावरून न काढण्याचे आणि दुसऱ्या वर्षी कपात करायची झाल्यास स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय देण्याचे बंधन होते. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान सुरक्षित होते. दुसरीकडे, मुंबईतील कलिना आणि दिल्लीतील वसंत विहार येथील वसाहती रिकाम्या करण्यास सहा महिन्यांची मुदत ठरली. म्हणजे नोकरी राहिली, पण तिच्याभोवती उभे असलेले घर आणि शेजार गेला.

याहून खोल बदल कायद्याच्या पातळीवर झाला. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५-एफएफ उपक्रमाचे हस्तांतर होताना कामगाराला संरक्षण देत होते. सेवेत खंड पडू नये आणि नव्या अटी जुन्यांहून कमी लाभदायक असू नयेत, अन्यथा भरपाई द्यावी, असा त्याचा आशय. परंतु येथे उपक्रम नव्हे, समभाग विकले गेले. समभागांचा धनी बदलला तरी कंपनी ही कायदेशीर व्यक्ती तीच राहते. त्यामुळे कायद्याच्या नजरेत कर्मचाऱ्याचा मालक बदललेलाच नसतो आणि हे कलम त्याच्या उपयोगी पडले नाही.

मात्र राज्यघटनेच्या नजरेत तोच मालक बदलतो. वेतनातील कुंठितता आणि रखडलेली पदोन्नती यांबाबत काही कर्मचाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केल्या होत्या. त्या निकालास येईपर्यंत कंपनी खासगी झाली. ती आता अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ नाही, म्हणून याचिका चालू शकत नाहीत, असा निर्णय झाला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवून अन्य मंचाकडे दाद मागण्याची मुभा ठेवली. निर्णय कायद्याला धरून आहे. तरीही सुमारे दशकभर थांबलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या पायरीवर जावे लागले, हे वास्तव उरतेच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या कंपनीचा आधीचा प्रवास आठवतो. १९५३ मध्ये विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा संसदेने एअर कॉर्पोरेशन्स कायद्यातच कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कलम घातले. १ जुलै १९५२ पूर्वीपासून सेवेत असलेले कर्मचारी त्याच वेतनावर आणि त्याच अटींवर महामंडळाचे कर्मचारी झाले. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, तेव्हा एवढी स्पष्टता नव्हती. वेतन आणि सेवाज्येष्ठता यांचा गुंता सोडवण्यासाठी न्या. धर्माधिकारी समिती नेमावी लागली आणि दरम्यान २०११ व २०१२ मध्ये वैमानिकांचे संपही झाले. २०२४ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती दिसली. विस्ताराच्या विलीनीकरणापूर्वी हमीच्या उड्डाणतासांचा आधार ७० वरून ४० वर आल्याने तेथील वैमानिक नाराज झाले, आणि मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी सामूहिक आजारपणाच्या रजेवर गेले. मालक सरकारी असो वा खासगी, ज्येष्ठतेची यादी आणि वेतनाचे सूत्र आधी ठरले नाही, तर त्याची किंमत शेवटी प्रवासीही मोजतो.

प्रशासनात असताना विलीनीकरणाच्या ज्या नस्त्या माझ्यासमोर आल्या, त्यांत मालमत्ता, कर्जे आणि करार यांची परिशिष्टे तपशीलवार असत. कर्मचाऱ्यांविषयी बहुधा शेवटचा एक परिच्छेद असे. त्यामागे दुष्टावा नव्हता. ज्याला बोलावण्याचे बंधन नाही, त्याचे म्हणणे कागदावर येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

हे बंधन असावे का, याबाबत आपले न्यायालयही एका दिशेने गेलेले नाही. कंपनी गुंडाळण्याच्या कार्यवाहीत कामगारांना म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये बहुमताने मानले. २००१ मध्ये बाल्को प्रकरणात मात्र निर्गुंतवणुकीपूर्वी कर्मचाऱ्यांची सुनावणी घेणे बंधनकारक नाही, असे ठरले. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे सांगणारा अनुच्छेद ४३-अ बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून निर्देशक तत्त्वांत आहे. तो कायद्यात उतरवणे हे संसदेचे काम आहे.

सूचिबद्ध कंपनीचे नियंत्रण बदलले, तर छोट्या भागधारकाला खुल्या प्रस्तावातून बाहेर पडता येते. कर्मचाऱ्याला नकाराधिकार द्यावा, असे मी म्हणत नाही. पण तीन गोष्टी शक्य आहेत. समभागविक्रीने नियंत्रण बदलत असेल, तेव्हाही कलम २५-एफएफसारखे संरक्षण लागू व्हावे. ज्येष्ठता, वैद्यकीय सुविधा आणि निवास यांबाबतचा प्रस्ताव बोली मागवण्यापूर्वी संघटनांना लेखी द्यावा आणि त्यांचे म्हणणे नोंदवावे. प्रलंबित सेवाविषयक याचिका हस्तांतराबरोबर आपोआप सक्षम न्यायाधिकरणाकडे वर्ग व्हाव्यात. पुढील निर्गुंतवणुकीचे दस्तऐवज तयार होण्याआधी हे करता येईल, आणि त्यासाठी तिजोरीवर मोठा भार पडण्याचे कारण नाही.