“मेल आलाच नाही” हे उत्तर आता चालणार नाही

आपल्या नगरपरिषदेच्या कर विभागात सध्या एकच उत्तर मिळतंय. “तुमचा मेल आलाच नाही.” मी स्वतः त्या टेबलासमोर उभा राहून ते ऐकलंय, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण ज्यांनी घरपट्टीची हरकत मेलवर पाठवली, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. तुमचे पैसे यात अडकलेत.

झालं असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यामुळे जुने संगणक बदलणं गरजेचंच होतं. नगरपरिषदेनं नवे घेतले, त्यावर करआकारणीचं नवं सॉफ्टवेअर टाकलं, मेलचा प्रोग्रामही नवा आला. नारळ फुटला, फोटो आले. मला आनंदच झाला. माझं पोट संगणकावरच चालतं, दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा “हा नव्याला विरोध करणारा माणूस” असा शिक्का माझ्यावर मारू नका.

मग फेरआकारणीच्या नोटिसा आल्या. तळाशी छापलेलं होतं की हरकत लेखी द्या किंवा या ई-मेलवर पाठवा. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. नोटिशीत त्यांच्या घराचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट लागलंय, कारण शेजारची मोकळी बखळ यांच्याच घरात धरली. गुरुजींनी जुना उतारा, मोजमाप, फोटो असं सगळं जोडून मुदतीच्या सहा दिवस आधी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मेल पाठवला. पाठवल्याची नोंद त्यांच्याकडे आहे. पोच काही आली नाही. मुदत संपल्यावर विचारायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, “गुरुजी, मेल आलाच नाही. आता सिस्टिममध्ये हरकतीचा रकाना बंद झालाय.”

चाळीस वर्षं शाळेत हजेरी मांडलेला माणूस. खोटं बोलतोय असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण अर्थ तोच झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. मॅडमना विचारलं, “तुम्हाला मेल अजिबात येत नाहीत का?” त्या म्हणाल्या, “येतात की. काही येतात, काही येत नाहीत. सकाळी मशीन चालू केलं की रात्रीचे असतात. दिवसाचे फारसे दिसत नाहीत.”

इथंच माझ्या डोक्यात घंटा वाजली. इंटरनेट बंद असतं तर काहीच आलं नसतं. पत्ता चुकला असता किंवा पेटी भरली असती, तर साधारणपणे गुरुजींना मेल परत आल्याचा निरोप आला असता. काही येतात आणि काही येत नाहीत, तेही वेळेनुसार, याचा अर्थ दुसरं कुणीतरी त्याच पेटीतून टपाल उचलतंय.

मी विचारलं, “जुना संगणक कुठं गेला?”

जुना संगणक गेला होता जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत. तिथं प्रिंटर जोडायला मशीन कमी होतं म्हणून. मॅडमनी परवानगी दिली, आम्ही जाऊन पाहिलं. कोपऱ्यात जुना मेल प्रोग्राम चालूच होता. मशीन सुरू केलं की आपोआप उघडत होता आणि दर दहा मिनिटांनी सर्व्हरवरचे मेल ओढून घेत होता. न वाचलेले मेल मी मोजले नाहीत, पण पडद्यावर मावत नव्हते. त्यात गुरुजींचा मेल होता. अकरा बेचाळीस.

ज्यांना हे कसं होतं ते कळलं नाही, त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. मेल आणायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक पॉप, दुसरी आयमॅप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळ्या मशीनवर सारखाच दिसतो. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उचलून मशीनवर आणतात, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण केलेली नसेल तर सर्व्हरवरचा मेल पुसला जातो. आता एकाच पेटीला दोन मशीनं पॉपनं जोडली, तर जो आधी पोचला त्याचा मेल. जुनं मशीन दिवसभर चालू, त्यामुळे दिवसाचे मेल तिकडं. सकाळी मॅडम लवकर येऊन नवं मशीन लावायच्या, त्यामुळे रात्रीचे इकडं.

हा बिघाड मोठा नाही. माझ्या दुकानात महिन्यातून एखादं गिऱ्हाईक हेच दुखणं घेऊन येतं. जुन्या मशीनवरून ते खातं काढायचं, साठलेले मेल नव्याकडं न्यायचे, नवं खातं आयमॅपवर लावायचं. तासाभराचं काम.

मग ते तिथंच का केलं नाही? कारण पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तो जुन्या मशीनमध्ये कधीकाळी भरलेला होता, आणि नव्या मशीनमध्ये बसवणाऱ्याने भरला तो त्याच्याच वहीत. पासवर्ड बदलायचा तर त्याचा निरोप ज्या मोबाईलवर जातो, तो नंबर बदली होऊन गेलेल्या एका साहेबांचा. म्हणजे आपल्या नगरपरिषदेच्या अधिकृत टपालाची किल्ली नगरपरिषदेकडं नाहीच.

आता उलट बाजू बघा. नगरपरिषदेकडून तुम्हाला येणाऱ्या मेलचं काय? नवं सॉफ्टवेअर घरपट्टीची बिलं मेलनं पाठवतं. मला बिल आलं नाही म्हणून मी माझा स्पॅमचा कप्पा उघडला, तर बिल तिथं पडलेलं. ‘शो ओरिजिनल’ दाबून पाहिलं. एसपीएफ नापास.

म्हणजे काय? कुठल्याही डोमेनच्या नावानं कोणकोणत्या सर्व्हरनी मेल पाठवायचा, याची जाहीर यादी इंटरनेटवर लावता येते. तिला एसपीएफ म्हणतात. जोडीला डीकेआयएम नावाची डिजिटल सही असते. जीमेल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले. या दोन्हींपैकी निदान एक तरी हवंच, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्याला दोन्ही हवीत, शिवाय डीमार्कही. आपली बिलं निघतात ठेकेदाराच्या सर्व्हरवरून, वर नाव नगरपरिषदेचं, आणि यादीत त्या सर्व्हरचा पत्ताच नाही. पाकिटावर शिक्का इथला आणि टपाल टाकलेलं भलत्याच गावात, असं झालं तर पोस्टमनला संशय येणारच. यादीत एक ओळ वाढवली की हेही दुखणं बरंचसं मिटतं.

म्हणजे तुमचा मेल त्यांना मिळत नाही, त्यांचं बिल तुम्हाला मिळत नाही, आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती मात्र न चुकता चढते. तिच्या हिशेबात कधी बिघाड होत नाही.

माझा राग त्या मॅडमवर नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यांना नव्या सॉफ्टवेअरचं शिक्षण किती दिलं? त्यांच्याच शब्दांत, “एक दुपार, तीही लाईट गेली होती.” ठेकेदाराचा माणूस फोनवर “रिस्टार्ट करून बघा” म्हणतो. त्यांनी चार वेळा तोंडी तक्रार केली होती, पण लेखी तक्रार कुणाकडं करायची हेच ठरलेलं नाही. राग आहे तो सही करून काम पूर्ण झालं म्हणणाऱ्यांवर. बिल पास करण्याआधी बाहेरच्या पत्त्यावरून एक मेल पाठवून तो पोचतो का, एवढं कुणी बघितलं नाही. नळजोडणी केली की तोटी सोडून पाणी येतं का ते बघतो आपण. इथं तोटी न सोडताच पाणीपुरवठा सुरू झाल्याचा दाखला दिला गेला.

साहेबांना भेटलो. त्यांचं पहिलं म्हणणं, “नवी सिस्टिम आहे, थोडा वेळ द्या.” जरूर देऊ. पण वेळ फक्त कार्यालयालाच का? सॉफ्टवेअरला रुळायला दोन महिने आणि गुरुजींच्या हरकतीला एक दिवसही जास्त नाही, हा कुठला न्याय?

दुसरं म्हणणं, “कागदावर द्यायचं होतं, मेलचा आग्रह कशाला?” यात तथ्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ९ सांगतं की सरकारी कार्यालयानं कागदपत्र इलेक्ट्रॉनिक रूपातच स्वीकारावं, असा हट्ट नागरिकाला धरता येत नाही. मान्य. पण इथं हट्ट नागरिकानं धरलेला नाही. मेलचा पत्ता नोटिशीवर तुम्हीच छापलात. आणि एकदा पत्ता नेमून दिला, की त्याच कायद्याचं कलम १३ वाचा. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नेमून दिलेल्या संगणक व्यवस्थेत ती नोंद शिरली की ती मिळाली असं धरतात. साहेबांनी ती कधी वाचली, कोणत्या खोलीतल्या मशीनवर वाचली, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. मी वकील नाही, पण मराठी समजतं. गुरुजींचा मेल मुदतीच्या सहा दिवस आधी नगरपरिषदेला मिळाला. पुढचा प्रश्न नगरपरिषदेच्या घरातला आहे.

तिसरं म्हणणं, “सिस्टिममध्ये रकाना बंद झालाय, आमच्या हातात नाही.” हे सगळ्यात धोक्याचं. पूर्वी फाईल सापडत नसे, तेव्हा निदान कुणाच्या कपाटात हरवली ते विचारता यायचं. आता “सिस्टिम” म्हटलं की विचारायलाच कुणी उरत नाही. पण रकाना आपोआप बंद होत नाही. कुणीतरी तारीख भरली म्हणून तो बंद झाला, आणि तीच तारीख पुढं नेली की तो उघडतो. अधिकार माणसाकडंच आहे. तो सॉफ्टवेअरच्या मागं लपतोय एवढंच.

म्हणून मागण्या. सगळ्या तासा-दोन तासांत किंवा एका सहीत होणाऱ्या आहेत.

१. नवे संगणक बसल्यापासून आजपर्यंत जुन्या मशीनवर उतरलेले सगळे मेल काढा आणि प्रत्येकाला मेल आला त्या तारखेचा आवक क्रमांक द्या.

२. त्यातल्या हरकती मुदतीत आलेल्या धरा. त्यांचा निकाल लागेपर्यंत वाढीव रकमेवर शास्ती लावू नका.

३. मेल पोचला की लगेच आपोआप पोच जाईल अशी सोय करा. बहुतेक मेल सेवांत ती आधीच असते, फक्त चालू करायची असते.

४. खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर कार्यालयाच्या ताब्यात घ्या. माणसाची बदली होते, कार्यालयाची होत नाही.

५. यापुढं नवं सॉफ्टवेअर आलं की मेल, पोच, बिल आणि पावती या चारांची बाहेरून चाचणी झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. तोवर जुनी रीतही चालू ठेवा.

कंत्राटाची आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत मी माहिती अधिकारात मागितली आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अर्ज मात्र मी कागदावर दिला आणि आवक शिक्का मारून घेतला.

आता तुमच्यासाठी. हरकत मेलवर पाठवली असेल तर ‘पाठवलेले’ या कप्प्यातून तो मेल उघडून त्याची छापील प्रत काढा. तारीख, वेळ आणि पत्ता दिसला पाहिजे. त्याला एक साधा अर्ज जोडा: “हा मेल अमुक तारखेला आपण दिलेल्या पत्त्यावर पाठवला आहे, तो मुदतीत मिळाला असे नोंदवावे.” आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. बिल आलं नसेल तर स्पॅमचा कप्पा बघा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी संध्याकाळी सहानंतर दुकानावर या, प्रिंटचे पैसे घेणार नाही.

गुरुजींनी परवा त्यांचा अर्ज दिला. शिक्का मारून मिळाल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला, तारीख बरोबर आहे का ते बघितलं आणि घडी करून खिशात ठेवला. मला म्हणाले, “अरे, मुलगा गैरहजर लावायचा झाला तरी आम्ही आधी वर्गात नाव पुकारायचो. यांनी नाव न पुकारताच गैरहजेरी लावली.”

नगरपरिषदेला तेवढंच सांगायचंय. आधी नाव पुकारा.