फॉरमॅट मारण्याआधी स्क्रीन वाचा!

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी कॉम्प्युटरचा डॉक्टर असतोच. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं दिसली, की याचं औषध ठरलेलं: "फॉरमॅट मार ना बे!" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. कोणी विंडोज ११ टाकतोय, कोणी उबुंटू. साहजिकच डॉक्टरांची प्रॅक्टिस जोरात आहे. पण माझं स्पष्ट मत आहे, की हा इलाज नव्हे. रोग न ओळखता पेशंटच पुसून टाकण्याचा प्रकार आहे.

मशीन सुरू होणं म्हणजे रिले शर्यत. आधी बायोस किंवा यूईएफआय डिस्क शोधतं, मग बूटलोडरला उठवतं, बूटलोडर कर्नल चढवतो. एरर मेसेज सांगतो, की बॅटन कुठे पडली. "नो बूटेबल डिव्हाइस" आलं, तर डिस्क किंवा बूटलोडर सापडला नाही. बूट ऑर्डर, केबल, पेनड्राइव्ह तपासा. "ग्रब रेस्क्यू" आलं, तर ग्रब उठला पण त्याच्या फाइल्स सापडल्या नाहीत. बहुधा कोणीतरी विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं असतं. विंडोजचा सेटअप "जीपीटी" म्हणून अडला, तर पेनड्राइव्ह लेगसी मोडमध्ये बूट झालाय. यूईएफआयमधून बूट करा. आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही, तेव्हा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. यातल्या एकाही दुखण्याला सगळी डिस्क पुसायची गरज नाही!

शहरातल्या मुलाला याचं काही वाटणार नाही. पण आमच्या पिंपळगाव राजाला सुटीत मशीन बसलं, तर ते पिशवीत घालून एसटीनं खामगाव गाठायचं. भाडं गेलं, दुकानाची फी गेली, दिवस गेला. आणि मशीन परत येतं ते कोरं करकरीत! प्रोजेक्टचा कोड, ताईच्या लग्नाचे फोटो, बाबांनी स्कॅन करून ठेवलेले शेतीचे कागद, सगळं साफ. पैसे पुन्हा मिळतील, फोटो कुठून आणणार?

कधी फॉरमॅट करावंच लागतं, हे मान्य. पण त्याआधी लाइव्ह लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डेटा बाहेर काढता येतो. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की जवळ हवी, एवढंच.

सरांनाही एक विनंती. लॅबमधली दोन जुनी मशीन्स होस्टेलला द्या. आम्ही ती मुद्दाम बिघडवू आणि दुरुस्त करू. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून समोर लिहिलेली एक ओळ वाचायचा कंटाळा येत असेल, तर दुकानदारात आणि आपल्यात फरक तो काय?